आखूड दांडा

माझा साडू सर्वज्ञ आहे. हे त्याचं नाव नव्हे, मी ठेवलेलं आहे, आणि ते माझ्या बायकोशिवाय कोणाला माहीत नाही. तो पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतो. पण जेवायला बसला की गवंड्याला भिंत शिकवेल, सुईणीला बाळंतपण शिकवेल आणि मला वजनकाटे. मी वजनकाटे दुरुस्त करतो, सोनाराच्या बोटभर तराजूपासून भरलेला ट्रक उभा राहतो त्या काट्यापर्यंत सगळे. तर हा एकदा चारचौघांत मला म्हणाला, "साडूभाऊ, आता सगळं डिजिटल झालं. तुमचं काम म्हणजे नुसते सेल बदलायचे, नाही का?" सगळे हसले. सासरेही हसले. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली माणसं मी खूप पाहिलीत. हा नुसत्या वासानेच पिवळा होतो.

सासरे गुरांचे डॉक्टर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गावाबाहेरच्या दूधवाल्याच्या गोठ्यात गाय अडली, बसली, खाईना झाली की फोन यांनाच. नवा डॉक्टर आहे तिथं. तो येतो, सुई टोचतो आणि जातो. हे गायीजवळ नुसते उभे राहतात, तिच्या डोळ्यांकडे, कुशीकडे बघतात, आणि मग काय झालंय ते सांगतात. सासूबाई गेल्यापासून सकाळी उठून दाढी करायला त्यांच्याजवळ तेवढंच एक कारण उरलं होतं. गोठ्याकडे बस जात नाही. जायची ती त्यांची जुनी गाडी, हाताने गिअर टाकायची, दारं दोनदा आपटल्याशिवाय न लागणारी.

गेल्या वर्षी एका गायीने त्यांना कठड्याशी दाबलं. डावा खांदा गेला. हाड जुळलं, पण हात पुढे जाईना. व्यायामाला मीच नेत होतो त्यांना. तिथं भिंतीवर एक यंत्र होतं, त्यावर पंजा ठेवून रेटायचं. ते दात-ओठ खाऊन रेटायचे आणि यंत्राचा काटा जेमतेम हलायचा. काटा म्हटला की माझी नजर जातेच. त्यांच्या हाताचा जोर किती, हे त्यांच्या मुलींना माहीत नव्हतं. मला चोख माहीत होतं.

गाडी मात्र ते चालवत होते. पहिला आणि तिसरा गिअर पुढे ढकलायचा असतो. हात पोचायचा नाही, म्हणून ते कमरेतून अख्खे वाकायचे आणि अंगाचा भार टाकून दांडा पुढे लोटायचे. त्या वेळी डोळे रस्त्यावर नसायचे, स्टिअरिंगच्या खाली असायचे. एकदा दोन्ही मुली मागे बसल्या असताना हा प्रकार त्यांनी पाहिला आणि घरी येऊन रडारड झाली. गाडी बंद करा. शेवटी बाबांनीच, म्हणजे सासऱ्यांनीच, तोड काढली.

"येत्या रविवारी तुम्हा दोघींना बसवून बाजाराला एक वळसा घालून दाखवतो. नजर रस्त्यावरून हलली नाही तर गाडी माझी. हलली तर किल्ली तुमची. मग एक शब्द बोलणार नाही."

बाबा शब्दाचे पक्के आहेत. हे मुलींना माहीत होतं, म्हणून त्या लगेच कबूल झाल्या.

आणि इथं सर्वज्ञाने तोंड उघडलं. आधी म्हणाला, ऑटोमॅटिक घ्या. बाबा म्हणाले, "जी गाडी स्वतःच ठरवते तिच्यात मी कशाला बसू?" मग याने फोन काढला, एका दाढीवाल्या पोराचा व्हिडिओ लावला आणि जाहीर केलं, "शॉर्ट शिफ्टर!"

कल्पना वाईट नव्हती. हे मी आता सांगतो, तेव्हा सांगितलं नाही. गिअरचा दांडा आत एका टेकूवर डोलतो. दांडा बदलून टेकू वर आणला की वरचा भाग आखूड होतो आणि खालचा लांब. मग हात वीतभर ढकलायच्या ऐवजी चार बोटं ढकलला तरी गिअर पडतो. वाकायचं काम नाही. बाबांचे डोळे असे चमकले की मला त्यांच्याकडे बघवेना. "असं असतं होय!" म्हणाले. मग सर्वज्ञाच्या पाठीवर त्यांनी चांगल्या हाताने थाप मारली. मी समोरच बसलो होतो. जन्मभर टेकू आणि दांडे यांवर पोट भरलेला माणूस घरात बसलाय, त्याला एका शब्दाने विचारावं असं कोणाला वाटलं नाही.

दुकानात मलाही नेलं, पिशव्या उचलायला असावा. दुकान कसलं, अड्डाच तो. ज्यांच्या गाड्यांचा आवाज चार गल्ल्यांना झोपू देत नाही अशी पोरं काउंटरवर कोपर टेकून उभी होती, आणि त्यांच्यात आमचा हा, पोट सावरत, "थ्रो किती कमी होतो हो याचा?" विचारत होता. थ्रो म्हणजे दांड्याची ये-जा, आदल्या रात्री शिकलेला शब्द. दुकानदाराने काउंटरवर एक गिअरबॉक्स बसवून ठेवला होता, त्यावर दांडे लावून बघता यायचे. त्याने तीन काढले. पहिला फक्त वरून कापलेला, दिसायला आखूड. तो नुसता दिखावा, त्याचा उपयोग नाही, असं दुकानदारच म्हणाला. दुसरा मधला. तिसरा सगळ्यात आखूड, शर्यतवाले नेतात तो.

"गाडी कोण चालवणार?" दुकानदाराने विचारलं. प्रश्न मोलाचा होता.

"घरचीच गाडी आहे, कोणीही," सर्वज्ञ म्हणाला. त्याने तिसऱ्या दांड्याला हात घातला आणि खटाखट गिअर टाकून दाखवले. "वा! बघा साडूभाऊ, नुसतं मनगट! घ्यायचं तर पूर्ण घ्यायचं, अर्धवट कशाला?"

त्याचं मनगट म्हणजे यंत्रांची खोकी जिने चढवून चढवून झालेलं. त्याला जड लागेलच कसं?

तो पोरांशी गप्पा मारायला वळला. माझ्या खिशात ताणकाटा असतो, हुक लावून ओढला की जोर दाखवणारा. सवयच आहे. मी तो तिसऱ्या दांड्याला अडकवला आणि ओढला. काटा सरसर पुढे गेला. मधला लावून घेतला, ओढला. काटा बेताने सरकला आणि थांबला. साधी गोष्ट आहे, हात कमी हलवायचा तर जोर जास्त लावायचा. टेकू फुकट काही देत नाही. तिसरा दांडा बाबांच्या हाताने पुढे जाणार नव्हता. मधला गेला असता, थोडा रेटा देऊन, पण बसल्या जागेवरून, नजर रस्त्यावर ठेवून.

मी ताणकाटा खिशात टाकला.

का बोललो नाही? कारण मला कोणी विचारलं नव्हतं. कारण बोललो असतो तर सर्वज्ञाने दाढीवाल्या पोराचा हवाला देऊन मला तिथंच त्या पोरांसमोर पुन्हा सेल बदलायला पाठवलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला हवं होतं ते. एकदा तरी सगळ्या घरासमोर या माणसाचं पितळ उघडं पडावं, असं मला फार दिवस वाटत होतं. ते मी मारून मुटकून करणार नव्हतो. ते आपोआप होणार होतं, मी फक्त आड येणार नव्हतो.

शनिवारी दुपारी बाबांच्या अंगणात काम काढलं. सर्वज्ञाने फोन डॅशबोर्डवर उभा केला आणि दाढीवाला सांगेल तसं हा करत गेला. दाढीवाला थांबला की हा थांबायचा. गिअरची मूठ उलटी फिरवून काढायला निघाला, आणखी घट्ट करून बसला. दांड्याच्या बुडाशी असलेलं रबरी आवरण ओढून फाडलं. मी स्टूल टाकून चहा पीत बसलो होतो. बाबा मात्र लहान मुलासारखे उजव्या दारातून डोकावत होते, कधी पान्हा देत होते, कधी फडकं.

जुना दांडा निघाला, पण त्याला जागेवर धरणारी लोखंडी कडी सर्वज्ञाच्या बोटांतून सुटली आणि आत पडली. मग अर्धा तास चिमटे, सळ्या, देवाचा धावा. बॅटरीच्या उजेडात मला ती कुठं पडलीय ते स्टुलावरून दिसत होतं.

शेवटी बाबा आत गेले आणि बोटाएवढा एक जाडजूड लोहचुंबक दोरीला बांधून घेऊन आले.

"हा कसला?" सर्वज्ञ.

"गायीला गिळायला देतात. चाऱ्यातनं खिळे-तारा पोटात जातात, त्या याला चिकटून बसतात. हा नवा आहे, घाबरू नका."

त्यांनी दोरी आत सोडली, हळूच हलवली आणि कडी अलगद वर काढली. दोरी डाव्या हातात होती, आणि त्या हाताला त्यांनी उजव्याचा आधार दिला होता. दोघं खदखदून हसले. सर्वज्ञ म्हणाला, "बाबा, आता गाडीचंही पोट साफ!" आणि बाबा पुन्हा हसले. इतक्या फालतू विनोदावर हा हुशार माणूस हसतो, याचं मला वाईट वाटलं.

नवा दांडा बसला. ग्रीस चोपडलं. सर्वज्ञ गाडी घेऊन, कोपऱ्यावर दोनदा बंद पाडत, चांगला लांब फिरून आला, गरम गाडीतून उतरला आणि म्हणाला, "लोणी!" बाबांना लगेच बसून बघायचं होतं. ते दार उघडून आत पाय टाकतही होते. पण हा म्हणाला, "उद्या, बाबा. उद्या सगळ्यांसमोर. आज मजा घालवू नका." बाबांनी पाय बाहेर घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सहज, काही म्हणतोय का हा, अशा नजरेने. मी कप विसळायला नळाकडे गेलो.

रविवारी सकाळी बाबांनी दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. गाडी रात्रभर अंगणात गार पडलेली. गार गाडीत गिअर आणखी जड जातो, हे सांगायला वजनकाटेवाला लागत नाही, पण सर्वज्ञाला तेही ठाऊक नव्हतं. माझी बायको पुढे बसली, धाकटी, म्हणजे सर्वज्ञाची बायको, मागे. सर्वज्ञ फोन घेऊन चित्रण करायला फाटकाशी उभा. मी त्याच्या शेजारी.

अंगणातून बाहेर पडायला गाडी मागे घ्यावी लागते. मागचा गिअर ओढायचा असतो, तो त्यांनी खेचून टाकला. गाडी छान मागे आली, रस्त्यावर वळली. रस्त्याला तिथं उतार आहे. आता पहिला टाकायचा. बाबांनी पंजा मुठीवर ठेवला आणि ढकलला. दांडा हलला नाही. पुन्हा ढकलला. मान ताठ, डोळे समोर, शब्दाप्रमाणे. कपाळावरची शीर फुगली. रेटण्याच्या नादात ब्रेकवरचा पाय सुटला आणि गाडी हळूहळू मागे घरंगळायला लागली. वरून शाळेची बस येत होती, तिने हॉर्न दिला. बाबांनी स्टिअरिंग सोडलं आणि दोन्ही हात दांड्यावर लावले. बायको किंचाळली. मागून येणारा एक सायकलवाला उडी टाकून बाजूला झाला. बायकोने हँडब्रेक ओढला आणि गाडी गचका खाऊन थांबली.

कोणाला काही लागलं नाही. बसवाला शिव्या देत गेला. बाबांचे दोन्ही हात अजून दांड्यावर होते.

"गिअर ऑइलचा प्रॉब्लेम असणार," सर्वज्ञ धावत जाऊन म्हणाला. तोंड पडलेलं. "ऑइल बदललं की..."

ही माझी वेळ होती. मी किती दिवस थांबलो होतो.

"ऑइल कशाला?" मी म्हणालो. "नाचता येईना अंगण वाकडं! दांडाच चुकीचा घेतलाय. मी तर दुकानातच ओळखलं होतं."

खिडकीची काच खाली होती. बाबांनी मान वळवली. "काय ओळखलं होतंत?"

मी सांगितलं. बॉनेटवर एक बोट टेकू म्हणून ठेवलं, दुसरं दांडा म्हणून, आणि इतकं सोपं करून सांगितलं की धाकट्या मेहुणीलाही कळलं असावं. वरचा भाग आखूड, म्हणून जोर जास्त. मधला दांडा असता तर जमलं असतं. नुसता अंदाज नाही, मी ताणकाटा लावून दोन्ही दांडे ओढून बघितले होते. सर्वज्ञाचा चेहरा उतरत चालला होता आणि मी बोलत होतो. जन्मात इतकं चांगलं मी कधी बोललो नसेन.

"दुकानातच?" बाबा म्हणाले.

"दुकानातच."

"माझ्या हाताचा जोर तुम्हाला माहीत होता."

"म्हणजे काय! मीच नाही का नेत होतो तुम्हाला?"

मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तसं तिने माझ्याकडे कधी बघितलेलं मला आठवत नाही. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून बसलो. मी वाक्य फिरवायचा प्रयत्न केला. "म्हणजे, मला वाटलं, उगीच यांचा हिरमोड..." पण शब्द तोंडातून सुटला होता.

सर्वज्ञ रडवेला झाला. "बाबा, चुकलं माझं. जुना दांडा आहे ना, मी आत्ता परत बसवतो. मधला आणतो. पुढच्या रविवारी..."

"नको," बाबा म्हणाले. "सायकलवाला होता तिथं." त्यांनी किल्ली काढली आणि मागे धाकटीच्या हातात दिली. उतरले, सदरा सारखा केला आणि घरात गेले. माझ्या अंगावरून गेले, पण रागाने नव्हे. दारातल्या चपलेकडे बघावं तसं बघून गेले.

घरी बायको फक्त एवढंच म्हणाली, "अहो, एक शब्द होता हो." मी म्हणालो, मूर्खाने मूर्खपणा केला, त्यात माझा काय दोष? दांडा मी निवडला? मी बसवला? ती उठून आत गेली. माझं आजही तेच म्हणणं आहे. साडूसारखा अडाणी मी पाहिला नाही. पण हे म्हणणं ऐकायला आता घरात कोणी बसत नाही.

काही दिवसांनी सकाळी कामाला निघालो होतो. आमच्या घरापासून बाबांचं घर दोन गल्ल्या. ते फाटकाशी उभे होते, पायात गोठ्यातले रबरी बूट, हातात औषधांची बॅग. मी स्कूटर थांबवली.

"गोठ्यात?"

"हो. गाय पहाटेपासून उठत नाहीये म्हणे."

"चला ना, मी सोडतो. किल्ली धाकटीकडून आणायला कशाला हवी, स्कूटरवर बसा. नाहीतर रिक्षा करतो."

"नको. ते निघालेत."

ते म्हणजे सर्वज्ञ. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो, आणि गाडीही आता त्याच्याच दारात असते. सकाळच्या गर्दीत त्याला पोचायला किती वेळ लागणार, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

"बाबा, गाय पडलीय म्हणता ना? मी इथं उभा आहे. तो येईपर्यंत आपण पोचू."

"पोचू," बाबा म्हणाले. मग बॅग या हातातून त्या हातात घेतली. "पण तुमच्याबरोबर नको, जावईबुवा. त्यांना कळत नाही, तर ते विचारतात तरी, आणि चुकले तर रडतात. माझं गाडीत काही चुकलं, दुखलं, तर तुम्हाला आधी कळेल. आणि तुम्ही गप्प बसाल."

आवाज चढलेला नव्हता. गायीकडे बघून काय झालंय ते सांगावं, तसं सांगितलं.

मी स्कूटर बंद केली. निघून जावंसं वाटलं, पण गेलो नाही. दोघं फाटकाशी उभे राहिलो. ते माझ्याकडून काही ऐकायला थांबलेले नव्हते. शेवटी कोपऱ्यावरून ती जुनी गाडी आली, गिअर करकरत, दोनदा बंद पडत. गाढवाला अजून क्लच पूर्ण दाबता येत नव्हता.

बाबांनी बॅग मागे टाकली, पुढे बसले, दार आपटलं. लागलं नाही, पुन्हा आपटलं. सर्वज्ञ मला हात करून म्हणाला, "साडूभाऊ, येताय का?" त्या मूर्खाच्या मनात माझ्याबद्दल काहीच नव्हतं. त्याने पहिला गिअर टाकायला दांड्यावर हात ठेवला, आणि बाबांनी आपला उजवा, चांगला हात त्याच्या हातावर ठेवून तो पुढे रेटला.

"क्लच," बाबा म्हणाले. "आधी क्लच, राजा."

मला ते आजवर जावईबुवाच म्हणत आलेत.